पुढच्या चाकांच्या साखळ्या

दसरा झाला, पाऊस परतला आणि खळ्यात कोरडं ऊन पडायला लागलं की जनी माळ्यावरून गोणपाटाचं एक गाठोडं खाली काढते. त्यात दोन लोखंडी साखळ्या असतात. गुरांच्या नव्हेत आणि विहिरीच्याही नव्हेत. जाळं विणावं तशा विणलेल्या, आडव्या कड्यांवर बोथट दाते असलेल्या. ती त्या उन्हात पसरते, नारळाच्या काथ्याने गंज घासते, गिरणीवरून आणलेलं काळं तेल लावते आणि तिन्हीसांजेच्या आत परत बांधून वर ठेवते. समुद्र वाडीपासून दोन डोंगर पलीकडे आहे, तरी खारा वारा लोखंडाला सोडत नाही. सात वर्षं तिचं हे चाललंय. साखळ्या कशाच्या, असं तिने नवऱ्याला कधी विचारलं नाही. दादू शिगवणानेही कधी सांगितलं नाही.

यंदा ती तेल लावत असतानाच शेजारच्या घरातली क्रांती आली आणि खळ्याच्या कडेला उकिडवी बसली.

"काकी, ह्या बर्फातल्या ना?"

जनीचा हात थांबला. "कोन म्हनतं?"

"मोबाईलवर बघितल्यात. एटीव्हीच्या चाकांना घालतात. काका कुठायत?"

क्रांती तेवीस वर्षांची. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर पर्यटकांना एटीव्हीवर फिरवायचं काम करते. चार जाड चाकांची, मोटारसायकलीसारखी पाय टाकून बसायची ती गाडी. अख्ख्या किनाऱ्यावर गाडी चालवणारी बाई ती एकटीच, म्हणून मुंबईच्या बायका मुद्दाम तिचीच गाडी मागतात. मालक स्वप्निल तिच्यावर खूश आहे. त्याच्याच ओळखीतून तिला बोलावणं आलं होतं: हिमाचलातल्या एका हॉटेलात डिसेंबर ते मार्च, एटीव्हीला पुढे पातं लावून रस्त्यावरचं बर्फ काढायचं.

दादू कापणीवरून आला, विळा कुडाला खोचला आणि बसला. क्रांतीने त्याला सगळं सांगितलं.

"आई म्हनते काय?" त्याने विचारलं.

"आईचं काय! बाप उधळून मेला, आता पोर उधळू दे, म्हणते. काका, तुम्ही अकरा थंड्या काढल्यात तिथं. मला साखळ्या घालायला शिकवा. आणि आईला तुम्हीच समजवा. तुमचं ती ऐकते."

दादूने उन्हातल्या साखळ्यांकडे पाहिलं, मग जनीकडे. जनी खाली मान घालून कडीनं कडी पुसत होती.

"बघू," तो म्हणाला.

*

दादूचं आयुष्य तसं सांगण्यासारखं फार नाही. म्हसळ्याहून तळा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी पंचवीस घरांची वाडी. भाताची तीन खाचरं. वाडीने मिळून पॉवर टिलर घेतला तेव्हा तो चालवायला पहिला पुढे झाला तो दादू. लावणीच्या आधी चिखलणी करताना टिलरच्या रबरी चाकांच्या जागी लोखंडी चाकं लावायची, म्हणजे मशिन चिखलात रुतत नाही. मग चिखल सपाट करायला मागून लाकडी फळी ओढायची. फळीवर किती भार द्यायचा, कुठे उचलायची, हे दादूच्या पायांना कळायचं. त्याने फळी फिरवलेल्या खाचरात पाणी आरशासारखं थांबतं, असं म्हातारेसुद्धा म्हणत.

पावसाळा सरला की वाडीतले पुरुष मुंबई गाठत. दादू एका हॉटेलात पंप-मोटारी सांभाळायचा. त्या मालकाचं दुसरं हॉटेल हिमाचलात होतं. एका थंडीत तिथली माणसं सोडून गेली, तेव्हा मालकाने मुंबईहून चौघांना धाडलं. त्यातला एक दादू. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ त्याने तिथे पाहिलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये एक एटीव्ही दिसली, पुढे लोखंडी पातं लावलेली. त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाला, "ही तर आपली फळीच हाय. मागची पुढं आणलीय, येवढंच."

पहिल्या दिवशी त्याने पातं पार जमिनीला टेकवलं आणि बर्फाबरोबर हॉटेलच्या रस्त्याची खडीही उकरून काढली. तिथला आचारी पोट धरून हसला, "दादूभाई तो खेत जोत रहा है!" दोन दिवसांत दादूला कळलं, की एक बोट बर्फ खाली सोडून द्यायचं. सगळंच काढायच्या भानगडीत पडायचं नाही. साखळ्यांचंही तो शिकला. आधी चाकावर पसरायच्या, दाते बाहेरच्या बाजूला. मग आतलं हूक, मग बाहेरचं, वरून रबरी पट्टे ताणायचे. आणि पन्नास पावलं गाडी चालवून परत उतरायचं, कारण तेवढ्यात साखळी हमखास ढिली होते.

तिसऱ्या वर्षापासून त्याने धर्माला सोबत नेलं. धर्मा म्हणजे क्रांतीचा बाप, ठमीचा नवरा. दोन घरांच्या मध्ये एकच कुंपण, तेही निम्मं मोडलेलं. भात झोडून झालं की दोघे निघायचे आणि शिमग्याच्या पालखीआधी परत यायचे. धर्मा हा सावकाश माणूस. बैल हाकतानाही त्याचा आवाज चढत नसे. तो एटीव्ही चालवायला शिकला, तेव्हा दादू त्याला म्हणायचा, "धर्मा, बर्फ काढतोस का वरात काढतोस?" धर्मा म्हणायचा, "नवरदेव पडला तर वरात कोनाची?"

अकराव्या थंडीत, संक्रांतीच्या दोन दिवस आधी, दादूला ताप भरला. आदल्या संध्याकाळी पुढच्या चाकाची एक साखळी खडखडत होती, पट्टा तुटला होता. म्हणून त्याने पुढच्या दोन्ही साखळ्या काढून खोलीत आणल्या होत्या. पट्टा शिवायचा आणि सकाळी परत घालायच्या. सकाळी त्याला डोकं उचलवेना. हॉटेलात पाहुणे होते, रस्ता मोकळा करायलाच हवा होता. धर्मा निघाला. दारातून त्याने विचारलं, "दादू, पुढं?"

दादू पांघरुणातून म्हणाला, "मागं हायत ना. बास हाय. चिखलात घालतोस काय पुढं?"

धर्मा हसला. "त्ये बी खरंच," म्हणाला आणि गेला.

टिलरला दोनच चाकं, आणि जोर त्यांच्यातच. वाडीत मोठा ट्रॅक्टर भाड्याने आला तरी लोखंडी चाकं मागेच लागतात. पुढची चाकं फक्त तोंड वळवायला. चिखलात ते चालतं, कारण चिखल चाकाला धरून ठेवतो. घट्ट झालेलं बर्फ काही धरत नाही. स्वयंपाकघरामागच्या उतारावर धर्माने हँडल वळवलं, पुढची चाकं वळली आणि गाडी सरळ गेली. खाली कठडा होता, कठड्याखाली ओढा.

मॅनेजरने कागदावर लिहिलं, गाडी भरधाव होती. दादू तिथेच उभा होता, अंगात ताप, अंगावर घोंगडी. "तेज़ चला रहा था ना?" मॅनेजरने विचारलं. दादूने होकारार्थी मान हलवली. त्या रात्रीच त्याने खाटेखालच्या साखळ्या आपल्या पिशवीत तळाला घातल्या. कोणी बघू नयेत म्हणून.

अग्नी तिथेच दिला. अस्थी दादूने आणल्या. हरिहरेश्वरला खडकांवर, समुद्राच्या तोंडाशी, विधी झाला. पाणी पायांशी येत होतं. ठमीने पदर घट्ट आवळून घेतला होता. सगळे जरा मागे सरल्यावर ती दादूला म्हणाली, "कसं झालं, भावजी? तुमी व्हतात ना?"

दादू म्हणाला, "जोरात व्हता."

*

ठमीने त्या दोन शब्दांतून स्वतःचा नवरा नव्याने घडवला. आधी ती रडली, मग तिला राग आला, आणि रागाला पुरावे लागतात. लग्नात नाचताना तो एकदा पडला होता, ते तिला आठवलं. एका पावसाळ्यात वहाळाला पाणी असताना तो पोहून पलीकडे गेला होता, तेही आठवलं. हळूहळू धर्मा उधळ्या बैलासारखा होता, बायकामुलीचा विचार न करणारा होता, असं ती पाणवठ्यावर बोलू लागली. सासू जिवंत होती तोवर ती म्हणायची, "माझा धर्मा आसा नव्हता गो." सासू गेली, मग कोणीच म्हणेना. म्हाळाला ती सगळ्यांची पानं मांडायची. सासऱ्याचं, सासूचं, लहानपणी गेलेल्या दिराचंसुद्धा. धर्माचं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "त्याला कशाला पान? जेवायला थांबायची सवड कुठं व्हती? घाई व्हती ना त्याला."

हे सगळं दादू कुंपणापलीकडून ऐकायचा.

तो पुन्हा वर गेला नाही. आठवड्यातून तीन दिवस एसटीने श्रीवर्धनला जाऊन स्वप्निलच्या एटीव्ही दुरुस्त करायचा. क्रांती बारावी होऊन घरी बसली होती, तेव्हा तीही एकदा सोबत आली, गाडीवर बसली आणि उतरायलाच तयार होईना. तिला उतरवावं असं दादूला वाटलं. पण नाही म्हणायला तोंड कुठलं?

जनी मात्र जे करायचं ते न बोलता करत होती. नवं भात भरडून आलं की पहिली पायली तांदूळ ठमीकडे. पावसाळ्याची सुकी मासळी घेतली की वाटणी ठमीकडे. ठमी वाडीभर सांगे, "शेजार असावा तर जनीबायसारखा." ते ऐकून जनी घरात येई आणि उगाच भांडी घासत बसे.

*

शिकवायचं ठरलं ते स्वप्निलमुळे. त्याने एक जुनी एटीव्ही टेम्पोत घालून वाडीला पाठवून दिली आणि फोनवर म्हणाला, "दादूमामा, पोरगीला तयार करा. नाव आपल्या किनाऱ्याचं होणार. फक्त साखळ्या घालून माझ्या वाळूत आणू नका हां, टायर फाटले तर तुमच्या नावाने ओरडेन."

बर्फ कुठून आणायचं? पण भाताच्या गिरणीमागे तुसाचा डोंगर साचलेला असतो, पुरुषभर उंच, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. दादूने लोहाराकडून दोन लोखंडी पट्ट्या वाकवून घेतल्या आणि शेतातली फळी एटीव्हीच्या पुढे बांधली. गिरणवाला म्हणाला, "काढा, काढा, निदान माझी मागची वाट तरी मोकळी व्हईल."

सकाळची वेळ होती. भात भरडायला आलेल्या चार बायका ओट्यावर बसल्या होत्या. त्यात ठमीही होती. मुलगी इथे येणार हे तिला ठाऊक होतं. नाही म्हणून थकली होती, पण गप्प बसायची तिची तयारी नव्हती.

"शिकवा भावजी, शिकवा," ती तिथूनच ओरडली. "बर्फ काढाय शिकवा. जोरात कसं जायचं त्ये शिकवाय नको. त्ये रक्तातच हाय."

बायका हसल्या. दादूने गोणपाट सोडलं.

"घाल बघू तू," तो क्रांतीला म्हणाला. "मी हात लावत न्हाय."

क्रांतीने साखळी उचलली आणि सरळ मागच्या चाकाकडे गेली. दादू पुढे झाला, पण थांबला. तिने साखळी पसरली, दाते बाहेर, आतलं हूक बरोबर ओढलं. मोबाईलवरून बरंच शिकली होती. पण बाहेरचं हूक काही पोचेना. तिने ओढलं, गुडघा टेकून ओढलं.

"काका, पुरत नाही."

"का घातलीस मागं?" दादूचा आवाज बारीक झाला होता.

"मग? जोर मागच्या चाकांना असतो ना. टिलरसारखं. पुढं कशाला, चिखलात आपण..."

"काढ!"

एवढ्या मोठ्याने तो कधी कोणावर ओरडला नव्हता. ओट्यावरच्या बायका वळून बघू लागल्या. क्रांती साखळी हातात धरून तशीच बसली. मग तिने साखळीकडे नीट पाहिलं, पुढच्या चाकाकडे पाहिलं. पुढचं चाक अरुंद, मागचं रुंद. ती हुशार मुलगी होती.

"ह्या पुढच्या चाकांच्या आहेत," ती म्हणाली. "मग मागच्या कुठायत?"

दादू गोणपाटाची घडी घालू लागला.

"काका? जोड्या दोन असतात ना? मागची जोडी?"

"मागची गाडीला व्हती."

"कुठल्या गाडीला?"

ठमी ओट्यावरून उतरली. तिच्या पदराला कोंडा लागला होता, तो तिने झटकला नाही. ती चालत आली आणि दादूसमोर उभी राहिली. गिरणीचा पट्टा आत फडफडत होता.

"कुठल्या गाडीला, भावजी?"

दादूने डोक्यावरचा टॉवेल काढला. "धर्माच्या. ठमे, तो जोरात नव्हता. म्या खोटं सांगितलं."

मग त्याने सांगितलं. ताप, तुटलेला पट्टा, दारातला प्रश्न. काही गाळलं नाही. सांगताना त्याची नजर त्या अरुंद चाकावर होती. क्रांती मध्येच उठून उभी राहिली होती, साखळी तिच्या हातातून लोंबत होती.

ठमीने सगळं ऐकून घेतलं. मग एकेक विचारू लागली, बाजारात मासळीचे कल्ले उघडून बघावेत तसं.

"ताप खरा व्हता?"

"खरा व्हता."

"ह्या त्याच साखळ्या?"

"त्याच. खाटेखाली व्हत्या."

"आन् त्यानं इचारलं व्हतं."

"व्हय. म्हनला, दादू, पुढं?"

"मंग तू काय म्हनलास?"

इतक्या वर्षांत तिने त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. दादूला ते लागलं नाही. बरंच वाटलं.

"चिखलात घालतोस काय पुढं, म्हनलो."

"आन् तो हसला आसंल."

"हसला."

"हसनारच." ठमीने ओठ दातांत धरला. "म्हंजी सावकाश गेला."

"तो कंदी जोरात गेलाय, ठमे?"

ती वळली. भाताची गोणी गिरणीतच टाकून, शेताच्या बांधावरून सरळ घराकडे चालू लागली. क्रांतीने साखळी खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली. आणि आईच्या मागे गेली. ओट्यावरच्या वेणूबाई तेवढ्या म्हणाल्या, "आता सांगितलंस रे दादू? सात वर्सांनी?" दादू गाडीकडे वळला. त्याने एकट्याने फळी सोडली, साखळ्या गोणपाटात बांधल्या आणि ठमीचं भात भरडून होईपर्यंत गिरणीपाशी बसून राहिला. मग तांदळाची गोणी पाठीवर घेऊन तिच्या पडवीत ठेवून आला. आत कोणी हललं नाही.

घरी जनी चुलीपाशी होती. बातमी त्याच्या आधीच पोचली होती.

"तुला ठावं व्हतं," दादू म्हणाला.

"साखळ्या आनल्यात आन् कंदी बोललात न्हाय. त्यात काय कळायचं ऱ्हातं?"

"मंग इचारलं का न्हायस?"

जनीने जाळ पुढे सारला. "इचारलं आसतं तर तुमी माझ्याशी बी खोटं बोलला आसता. मंग माझ्याकडं काय उरलं आसतं?"

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमी मोडक्या कुंपणापाशी आली. हातात पायली, काठोकाठ तांदूळ. चारच दिवसांपूर्वी जनीने दिलेला लवकर येणाऱ्या हळव्या भाताचा नवा तांदूळ, तसाच होता. तिने पायली जनीच्या ओटीवर ठेवली.

"हे आसं व्हतं व्हय तुजं शेजारपन?"

जनी पुढे झाली.

"सात वर्सं खाल्ला. गोड लागायचा गो. म्हनून जास्ती राग येतो." ठमी जायला वळली आणि परत फिरली. "म्या त्याला काय काय बोलले. मेल्यावर. पोरीसमोर. त्ये कोन परत घेनार? तू घेशील? तुजा नवरा घेल?"

त्यानंतर पंधरा दिवस दोन घरांत बोलणं नव्हतं. क्रांती श्रीवर्धनला जायची-यायची, दादूला रस्त्यात पाहिलं की मान वळवायची. एटीव्ही ताडपत्रीखाली गिरणीमागे उभी होती. स्वप्निलचा फोन आला, हॉटेलवाले विचारतायत म्हणून. दादू म्हणाला, "माझ्या हातात न्हाय आता." वाडीत लोक त्याच्याशी नेहमीसारखंच बोलत, फक्त जरा लवकर आटपत.

दिवाळीच्या अमावास्येला सकाळी जनी अंगण सारवत होती. कुंपणापलीकडे ठमीच्या पडवीत तिला एक पान मांडलेलं दिसलं. एकच. म्हाळ कधीच होऊन गेला होता. पानावर भात होता, वालाचं बिरडं होतं, तांदळाची खीर होती. धर्माला खीर आवडे आणि ती निवेपर्यंत तो थांबे, हे जनीलाही माहीत होतं. ठमी पानासमोर मांडी घालून बसली होती. क्रांती खांबाला टेकून उभी होती.

"सावकाश जेव," ठमी त्या रिकाम्या पाटाला म्हणाली. "घाई न्हाय."

जनी शेणाचा हात तसाच घेऊन आत गेली.

*

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ठमी दादूच्या खळ्यात आली. एकटी नव्हती, मागे क्रांती होती, तिच्या हातात कुरिअरने आलेलं खोकं. ठमी बसली नाही.

"पोर जाते म्हनते," ती म्हणाली. दादूकडे न बघता, खळ्याकडे बघत. "बाप जिथं गेला ती जागा तिला बघायची हाय. माजं मन न्हाय. पन आता कुठल्या तोंडानं आडवू? तो उधळ्या व्हता म्हनून आडवत व्हते. तो तर उधळ्या नव्हता."

दादू उभा राहिला होता.

"तिला दुसरं कोनी शिकवंल," ती पुढे म्हणाली, "तर तो सांगंल आन् इसरंल. तू न्हाय इसरायचा. म्हनून तू शिकव. माफ केलं म्हनून न्हाय. नीट ऐक, माफ केलं म्हनून न्हाय."

"व्हय," दादू म्हणाला.

खोक्यात मागच्या चाकांच्या साखळ्या होत्या, नव्या कोऱ्या, चकचकीत. माळ्यावरचं गाठोडं जनीने कोणी न सांगता आणून ठेवलं. गिरणीमागे तुसाच्या ढिगापाशी क्रांतीने चारी चाकांना साखळ्या घातल्या. दादूने हात लावला नाही, फक्त सांगत होता. आधी पुढची चाकं, मग मागची, हा क्रम त्याचा स्वतःचा होता. "पुढच्या घालून झाल्या की मागच्या कोन इसरत न्हाय," तो म्हणाला. "मागच्या आधी घातल्या तर मानूस म्हनतं, बास हाय."

"आणि एकच जोडी असली तर?" क्रांतीने विचारलं. तिच्या आवाजात अजून कोरडेपणा होता.

"तर गाडी काढायची न्हाय. उतारावर न्हायच न्हाय. मॅनेजर ओरडला, पाहुने ओरडले, तरी न्हाय. फावडं घे म्हनावं हातात."

ठमी ओट्यावर बसून पाहत होती. जनीने किटलीतून आणलेला चहा तिच्याजवळ ठेवला. ठमीने कप उचलला नाही, बाजूलाही सारला नाही.

क्रांतीने गाडी सुरू केली. फळी खाली घेतली, एक बोट सोडून. तूस दोन्ही अंगांना फुटत गेलं, पिवळी धूळ उडाली आणि मागची वाट हळूहळू उघडी पडली. ती सावकाश चालवत होती. इतकी सावकाश, की वरात वाटावी. दादूच्या तोंडाशी ते आलं, पण त्याने गिळलं.

पन्नास पावलांवर ती थांबली आणि उतरली. तिच्या आधी ठमी तिथे पोचली होती. तिने पुढच्या डाव्या चाकापाशी वाकून हात घातला, तेलकट, जुन्या साखळीत बोटं अडकवली आणि ओढून पाहिली. दोन बोटं आत गेली.

"ही ढिली हाय," ती म्हणाली.

"पन्नास पावलांत व्हतेच ढिली," दादू म्हणाला. "म्हनून थांबायचं आसतं."

ठमीने बोटं काढली नाहीत.

"मंग आवळ," ती म्हणाली. "मी धरते."

दादू गुडघ्यावर बसला आणि पट्टा ओढू लागला.